सायलेन्सरमधलं नाक

६ ऑक्टोबर १९८८, गुरुवार

सखारामरावांची जर्मन गाडी आज आंबा घाटात बंद पडली. दुपारी एका ट्रकवाल्याने दुकानासमोर ब्रेक मारून वरूनच ओरडून सांगितलं, "वायरिंगवाले आप्पा तुम्हीच काय? तुमची बहीण घाटात अडकलीय. बाई गाडी झ्याक चालवत असेल, पण गाडीच मेली."

बाई गाडी चालवत नाही. गाडी आधी मुंबईतल्या कुठल्याशा वकिलातीच्या साहेबाची होती, स्टिअरिंग डावीकडे. उजवीकडे, जिथे आपल्याकडे ड्रायव्हर असतो, तिथे माझी धाकटी बहीण मालन शाल पांघरून, हात मांडीवर ठेवून बसते. समोरून येणारे तिचे मोकळे हात बघून अर्धा रस्ता सोडून देतात. सखारामराव म्हणतात, त्यामुळे बरं पडतं. मेव्हण्यांच्या तोंडून आजवर ऐकलेला हा एकच विनोद. तोही विनोद म्हणून केला नसावा.

एसटीने साखरपा, तिथून जीपला लोंबकळत घाटात. पोचलो तेव्हा दोघं कठड्यावर बसून भाकरी आणि जवळ्याची चटणी खात होती. मालन हसत होती. मी बॉनेट उघडलं. पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज उडाला होता. नवा घातला, चावी फिरवली, गाडी सुरू. बोटाच्या पेराएवढ्या वस्तूपायी गुरुवार गेला.

गुरुवार जाणं म्हणजे काय तेही लिहितो. कोल्हापूरचे डॉक्टर फक्त गुरुवारी असतात, दुपारी बारापर्यंत. इंजेक्शन आठवड्याचं, सलाइनमधून. खाडा करायचा नाही, असं त्यांनी बजावलंय. आजाराचं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही. 'कोल्हापूरचं' म्हणतात. मालनला कोल्हापूरचं झालंय.

७ ऑक्टोबर

गाडी मिरजोळ्याला धाकूच्या शेडमध्ये लावली. धाकू इंजिनं उघडतो, मी वायरिंग बघतो. आमचं पटतं, कारण आम्ही एकमेकांच्या कामाला बोगस म्हणतो.

सकाळपासून इंजिन सुरू ठेवलं. पंप किती वीज खातो ते मीटर लावून पाहिलं. जेवढी खायला हवी तेवढीच. फ्यूज टिकला. दुपारी गाडी थिब्याच्या राजवाड्यापर्यंत फिरवून आणली. टिकला. डॅशबोर्डावर एक पिवळा दिवा मात्र सतत पेटलेला असतो. तो गाडी आणल्यापासून आहे. मालन म्हणते, "असू दे रे, तेवणारा दिवा विझवू नये." त्यामुळे त्याच्याकडे कुणी बघतच नाही.

धाकूने उपाय सांगितला. "आप्पानू, फ्यूजच्या जागी तांब्याची तार घाला. फ्यूजच नाय तर उडेल काय?"

"पेट्रोलच्या नळीशेजारी? तार तापून नळी पेटली तर गाडी उडेल, मेल्या."

"माझं काय जातंय? मी हितं असणार."

हा माणूस तासभर आमच्या घरच्या आजारपणाची चौकशी करत होता.

१० ऑक्टोबर

भाड्याच्या ॲम्बॅसडरने न्यावं असा मी आग्रह धरला. आज रंगीत तालीम म्हणून हातखंब्यापर्यंत नेलं. मालन सबंध वाटेत दोन्ही हातांनी सीट उचलून धरल्यासारखी बसली होती. प्रत्येक खड्ड्याला तिचा चेहरा पांढरा व्हायचा. पाठीच्या कण्यात गेलंय म्हणतात. हातखंब्याला तिने चहाही घेतला नाही. परत फिरलो. म्हणजे ती मऊ जर्मन गाडी हवीच, आणि ती घाट चढत नाही.

मग मी म्हटलं, बुधवारीच जा, रात्री कोल्हापूरला रहा. आपल्या मावशीचं घर आहे.

मालन म्हणाली, "मावशीकडे मी काय उलट्या करायला जाऊ?"

"लॉजवर रहा."

"लॉजमध्ये ह्यांना झोप लागत नाही."

ह्यांना, म्हणजे सखारामरावांना. सव्वीस वर्षं बोटीवर खलाशांचे सारंग होते. वादळात डेकवर दोर बांधून झोपलेला माणूस. त्याला शाहूपुरीतल्या लॉजमध्ये झोप लागत नाही! मी त्यांच्याकडे पाहिलं. ते ओसरीवरच्या दोरीला गाठ मारत होते. घरात लोंबकळणारी एकही वस्तू त्यांना चालत नाही. शिमग्याला निवृत्त होऊन आले, तेव्हापासून आमच्या बहिणीच्या घरातल्या परसातल्या दोऱ्या, पडद्यांच्या दोऱ्या, रहाटाचा दोर, सगळं आवळून बसवलंय. बोलत मात्र नाहीत. लग्नानंतर दर खेपेला दोन महिने घरी, मग वर्ष-दीड वर्ष पाण्यावर. बोलायची सवय कुठून लागणार?

१३ ऑक्टोबर, गुरुवार

पुन्हा घाटातच. जवळजवळ त्याच जागी.

या वेळी मी सखारामरावांना फ्यूज बदलायला शिकवून डबीभर फ्यूज दिले होते. त्यांनी एकामागून एक घातले, एकामागून एक जळले. मग दोघं बसून राहिली. गाडी गार झाल्यावर शेवटचा फ्यूज टिकला. तोवर डॉक्टर निघून गेलेले. संध्याकाळी दोघं घरी आली.

मला वाटलं होतं मालन रडत असेल. ती उशीला टेकून बसली होती, गाल थोडे लाल. म्हणाली, "आप्पा, तुला माहितीये, ह्यांची बोट एकदा बर्फात अडकली होती! महिनाभर. बर्फावर उतरून हे लोक चेंडू खेळायचे. नि ह्यांनी तिथे बसून माझ्यासाठी शाल विणली. बघ, सारंग माणूस, विणकाम! मग शरम वाटली म्हणून समुद्रात टाकली."

मी विचारलं, "शेवटचा फ्यूज घालायच्या आधी गाडी किती वेळ बंद होती?"

तिला सांगता येईना. बर्फ किती जाड होता ते तिने हात पसरून दाखवलं.

ह्या घरात आजाराची काळजी फक्त मला आहे असं कधीकधी वाटतं.

एक गोष्ट मात्र हाती आली. सप्टेंबरात दोन खेपा बिनबोभाट झाल्या होत्या. तेव्हा पाऊस होता. ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं आणि गाडी बसायला लागली. शेडमध्ये फ्यूज टिकतो, घाट चढताना उडतो, गार झाल्यावर पुन्हा टिकतो. म्हणजे जे काही आहे ते तापल्यावर होतं.

१५ ऑक्टोबर

आज फ्यूजच्या पलीकडे काय आहे ते शोधायला बसलो. तिथून एक तार मागे पंपाकडे जाते. पण फ्यूजपासून आणखी एक तार निघते, जी मी पहिल्यांदा पाहिलीच नव्हती. ती गालिच्याखालून जाते आणि जमिनीतल्या रबरी बुचातून खाली नाहीशी होते.

गाडी धाकूच्या शेडमधल्या खड्ड्यावर घेतली. पुढच्या बाजूला, जिथे सायलेन्सरचा पाईप इंजिनमधून उतरतो, तिथे पाईपमध्ये एक प्लगसारखं काहीतरी पिळून बसवलंय. त्याला तीन तारा, दोन पांढऱ्या, एक काळी. त्या तारा पाईपच्या वरून, पत्र्याच्या आडून जातात. खालून नीट दिसत नाही.

धाकू खड्ड्यात उतरला, वर बघून म्हणाला, "सायलेन्सरला प्लग? जळून गेलेल्या धुराला पुन्हा पेटवायचा काय ह्यांना?"

मलाही माहीत नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "तुला नाही कळायचं."

१७ ऑक्टोबर

मुंबईला गंगारामला ट्रंक कॉल लावला. आम्ही एकाच दुकानात काम शिकलो. तो आता वकिलातींच्या गाड्या बघतो. कॉल लागेपर्यंत अर्धा दिवस गेला आणि बोलायला तीन मिनिटं मिळाली. त्यातलं एक मिनिट तो "कोण आप्पा?" विचारत होता.

पण कळलं. ते नाक आहे. धुरात प्राणवायू किती राहिलाय ते हुंगतं आणि गाडीच्या आतल्या डब्याला कळवतं. त्यावरून डबा पेट्रोल कमी-जास्त करतो. निरोप काळ्या तारेतून. पण हे नाक गार असलं की झोपलेलं असतं. त्याला वास येत नाही. म्हणून त्याच्या पोटात छोटा हीटर घातलाय. दोन पांढऱ्या तारा त्या हीटरच्या. आणि ह्या जर्मनांनी हीटरला वीज पेट्रोलच्या पंपाच्याच फ्यूजवरून दिलीय. हीटर शॉर्ट झाला तर फ्यूज उडणार आणि पंप बंद पडणार.

"मग हीटर काढून टाकू काय?" मी ओरडलो.

"नाक झोपलं तर गाडी धूर—" एवढ्यात लाइन तुटली.

लगेच मिरजोळ्याला जाऊन हीटरला मीटर लावलं. चार ओहमच्या आसपास. ठणठणीत. शॉर्ट नाही, तुटलेला नाही, जमिनीला चिकटलेला नाही. हीटर निर्दोष सुटला. मी पुन्हा जिथे होतो तिथे.

तार काढून ठेवावी असं मनात आलं होतं. पण गंगारामचं ते अर्धवट वाक्य, आणि गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय कापाकापी करणं माझ्या हाताला जमत नाही.

२० ऑक्टोबर, दसरा

गुरुवार, पण डॉक्टरांना सुट्टी. रोगालाही दिली असती तर बरं झालं असतं.

गाडीची पूजा झाली. मालनने खुर्चीत बसूनच हळदकुंकू लावलं. झेंडूचा हार सखारामरावांनी बॉनेटला असा बांधला की पुढच्या दसऱ्यापर्यंत हलायचा नाही.

माझी बायको सगुणा सकाळी गावच्या देवीला कौल लावायला गेली होती. गुरवाने देवीच्या अंगावर फुलांचे कळे लावले. उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. ती दुपारपर्यंत तिथे उभी होती. एकही कळा हलला नाही.

"विचारलंस काय?"

"तुमच्या गाडीचं."

गाडीचं विचारायला ही उपाशी कशाला गेली असती?

मी तिला सांगितलं, गंगारामचं नाकही असंच आहे. पेट्रोल जास्त की कमी, दोनच उत्तरं. गार असेल तर उत्तरच नाही. सगुणा म्हणाली, "देवी काय गार असते?" आणि आत निघून गेली.

हळदकुंकू लावून झाल्यावर मालन हारातलं एक फूलही उचलू शकली नाही. हात वर जात नाही. पुढच्या गुरुवारी मी स्वतः गाडीत बसणार. फ्यूजला मीटर लावून, मागच्या सीटवर. घाटात काय होतं ते माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळणार नाही.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

सापडलं.

पहाटे निघालो. पाली, नाणीज, साखरपा, सगळीकडे मीटरचा काटा शहाण्यासारखा. पुढच्या सीटवर दोघंही गप्प. मी मागे बसल्यामुळे असेल. मी दोनदा विनोद केले. मालन हसली, मला बरं वाटावं म्हणून.

घाटाच्या मधल्या वळणाला काटा एकदम उडाला, आणि गाडीने मान टाकली. मी चिंधी ओली करून तसाच गाडीखाली शिरलो. पाईप तापून धगधगत होता. दोन्ही मनगटं भाजली. पण शेडमध्ये खालून जे दिसत नव्हतं ते इथे चढावर, कुशीवर पडून दिसलं. पांढऱ्या तारांपैकी एक तार पाईपला घट्ट बांधलेली. डांबरी सुतळीने, वेणी घालावी तशी, एकसारखे पीळ, शेवट आत दडवलेला. पाईप गार असतो तोवर ठीक. चढावर कडक तापला की तारेवरचं प्लास्टिक मेणासारखं मऊ होतं आणि आतलं तांबं पाईपला टेकतं. फ्यूज उडाला. गार झालं की तांबं सुटतं. मीटर तरी काय करणार?

असली बांधणी करणारा माणूस रत्नागिरीत एकच आहे.

मी बाहेर येऊन म्हटलं, "भावोजी, हे तुमचं काम?"

ते वाकून बघत होते. "लोंबकळत होती," म्हणाले. "आपल्या वाटेवर जांभ्याचे दगड वर आलेत. घासून तुटली असती. गणपतीत बांधली."

"बोटीवरही चिमणीला वायरी बांधायचे काय?"

हे बोलायची गरज नव्हती. पण तीन आठवडे मी कुठल्या कुठे शोधत होतो. मी सुतळी कापली, तार लांब ओढून टेप गुंडाळला, गाडी सुरू केली. पावणेबाराला कोल्हापुरात पोचलो. डॉक्टर बॅग आवरत होते. सलाइन लागलं. आयुष्यात एवढं समाधान क्वचित मिळालंय.

येताना गाडी कुठेही थांबली नाही. सखारामराव समोर बघत चालवत राहिले. मी मागून म्हटलं, काय मालन, कशी पळतेय! ती म्हणाली, "व्हय, पळतेय खरी." घाटात तिने कठड्याकडे पाहिलं, मग डोळे मिटून घेतले.

घरी तिला उतरवताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "ह्यांना कशाला सांगितलंस?"

"काय?"

"त्यांनी बांधलेलं म्हणून."

म्हणजे दोष शोधायचा, पण कुणाचा ते सांगायचं नाही. असं वायरिंग मी शिकलेलो नाही.

२८ ऑक्टोबर

गंगारामला पुन्हा कॉल लागला. ह्या वेळी त्याने मला लगेच ओळखलं आणि पोट धरून हसला. म्हणाला, "अरे, आपल्या पेट्रोलात शिसं असतं. ते नाक परदेशातल्या स्वच्छ पेट्रोलासाठी. इथे आल्यावर महिन्या-दोन महिन्यांतच मेलं असणार. म्हणून तर दिवा लागलाय तुझ्या डॅशबोर्डावर. तू तार कापून टाक, काही बिघडत नाही. तुझी गाडी इतके दिवस मेलेलं नाक शेकत बसलीय."

हीटरच्या दोन्ही तारा कापून टोकं बंद केली. पंपाला आता एकट्याचा फ्यूज.

मालनला सांगायला गेलो. हसेल असं वाटलं होतं.

ती म्हणाली, "त्या गाडीला कळत नाही काय रे, ते मेलंय म्हणून?"

"तिला कोण सांगणार? ती आपली वीज पाठवते."

"आणि त्यापायी पंप बंद पडतो."

"हां. जो धड चालतोय तो बंद पडतो."

ती बराच वेळ खिडकीतून सखारामरावांकडे बघत राहिली. ते अंगणात गाडीची चाकं धूत होते. मी तिला टेप कुठला वापरला ते सांगितलं. जर्मन कंपनीचा नसला तरी उष्णता सोसणारा आहे.

३ नोव्हेंबर, गुरुवार

मी दुकानावर होतो. दोघंच गेली, आणि दुपारी तीनलाच परत! गाडीने जाताना-येताना एकदाही दम घेतला नाही. धाकूला पेढे दिले. तो म्हणाला, "मी तार घाला म्हटलं होतं, तुम्ही तार कापलीत. म्हणजे तारेचंच होतं ना शेवटी?"

संध्याकाळी मालनकडे गेलो. ती झोपली होती. सखारामराव अंगणात होते.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"आता यायला नको म्हणाले."

"म्हणजे बरं वाटतंय म्हणून?"

"यायला नको म्हणाले."

"गाडीपायी दोन खाडे झाले त्याने काही—"

"मी विचारलं. त्याने काही झालं नाही म्हणाले. आधीपासूनच, म्हणाले." मग ते पाण्याचा पाइप गुंडाळत बसले, एकसारखी वेटोळी.

घरी येऊन सगुणाला सांगितलं. ती मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. आमच्याकडे नळाला त्या वेळी पाणी नसतं.

इथे लिहून बघतो: प्रकृतीत सुधारणा असल्यामुळे डॉक्टरांनी खेपा बंद केल्या. अक्षर चांगलं आलंय. वाक्य खोटं आहे.

गाडी पूर्ण दुरुस्त झाली आणि तिला जायला जागा उरली नाही.

११ नोव्हेंबर, भाऊबीज

मालनने उशीला टेकून ओवाळलं. ताट सगुणाने धरलं, मालनने नुसता हात लावला. ओवाळणी घालायला वाकलो तर म्हणाली, "साडी नको. दुसरं मागते, देशील?"

"बोल."

"ती तार परत जोडून दे."

मला आधी कळलंच नाही कुठली तार.

"ह्यांनी बांधली होती तशी. पाईपला."

"तुला वेड लागलंय काय गो? गाडी घाटात बसेल."

"बसू दे."

"दुरुस्त केलेली गाडी मी हाताने बिघडवू? चाळीस मैलांत एक गॅरेज नाही तिथे!"

"आता काय बारा वाजायच्या आत पोचायचंय?"

ती थोडा दम घेऊन म्हणाली, "ह्यांना नुसतं थांबा म्हटलं की विचारतात, कशाला? परवा मी म्हटलं पाय आखडले. तर थांबले, पायांना तेल चोळलं नि लगेच निघाले. एक शब्द नाही. गाडी बंद असली की त्यांना काही करता येत नाही, मग बोलतात."

"घरात बोलत नाहीत काय?"

"घरात त्यांना काम दिसतं."

मी म्हटलं, मी मेव्हण्यांना सांगतो, जरा बोलत जा म्हणून. ती घाबरली. "नको हां, आप्पा! तू काही सांगू नकोस. तू सांगितलंस की ते महिनाभर तोंड उघडायचे नाहीत."

तार जोडली नाही. आजारात माणूस हट्टी होतो, त्याचं सगळं ऐकायचं नसतं. शिवाय पेट्रोलची नळी शेजारून जाते.

तिने त्यानंतर माझ्याशी गाडीचा विषय काढला नाही. साडी सगुणाने मालनच्या कपाटात ठेवली. नेसेल कधी, कुणास ठाऊक.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

मालनला कोल्हापूरला जायचं होतं. डॉक्टर नाहीत, इंजेक्शन नाही, काही नाही. "गुरुवार आहे ना," एवढंच कारण. सखारामराव काही न विचारता तिला उचलून गाडीत ठेवायला लागले. तिचं वजन आता त्यांना जाणवत नसावं. चार उशा लावल्या.

मी म्हटलं, मी पण येतो. बंद केलेली टोकं उन्हात कशी टिकतात ते बघायचंय.

मालनने माझ्याकडे पाहिलं. "बस," म्हणाली. तिला मी नकोच होतो.

साखरप्यापर्यंत गाडी लोण्यासारखी. पुढे घाट लागला. इंजिनचा आवाज जराही बदलला नाही. कामच तसं झालंय. सखारामराव समोर बघत होते, वळणं येत होती, जात होती. समोरून एक एसटी आली, आणि ड्रायव्हरच्या जागी उशांवर मान टाकून पडलेली बाई बघून त्या ड्रायव्हरने गाडी पार डोंगराला चिकटवली. कुणी हसलं नाही. कठडा आला. मालनची मान तिकडे वळली. कठडा मागे गेला.

मला कसला तरी वास आला.

"भावोजी, थांबवा."

"काय झालं?"

"रबर जळल्यासारखा वास येतोय. थांबवा म्हणतो ना!"

त्यांनी गाडी कडेला घेतली, काच खाली करून हुंगलं. "मला नाय येत."

"तुमचं नाक आयुष्यभर डांबरात गेलंय. तुम्हाला काय येणार?"

ते मालनकडे वळले. ती समोर बघत होती. म्हणाली, "मला येतोय."

"इंजिन बंद करा," मी म्हटलं. "गार होऊ दे. तापलेल्या पाईपला मी आता हात लावणार नाही, मागच्या वेळचे फोड अजून आहेत. तासभर तरी जाईल. कदाचित जास्त. तुम्ही तिला घेऊन सावलीत बसा, मधे मधे येऊ नका."

पोतं अंथरून खाली शिरलो. तारा मी कापल्या होत्या तिथेच होत्या, टेपही जागेवर. मी त्यांना हात लावला नाही. उताणा पडून पत्रा बघत राहिलो.

आधी बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग सखारामरावांचा आवाज. शब्द कळत नव्हते, पण एकामागून एक येत होते. मधेच कुठल्यातरी बंदराचं नाव. मधेच मालनचं "मग?" परत बराच वेळ ते. एकदा ती हसली, आणि त्या हसण्यातून खोकला आला, आणि ते थांबले, आणि तिने पुन्हा विचारलं, "मग?"

एक एसटी थांबली. ड्रायव्हरने विचारलं, "काय झालं? मदत पायजे काय?"

मी खालून ओरडलो, "मोठा फॉल्ट आहे. जा तुम्ही."

थोड्या वेळाने मालनचा आवाज आला, अगदी बारीक. "आप्पा, सापडलं काय रे?"

"बघतोय."

"सावकाश बघ."

सखारामरावांचे पाय माझ्या डोक्याशी येऊन उभे राहिले. "मी काय मदत करू?"

"काही करायचं नाही!" मी म्हटलं. "तुम्ही बांधाबांध केलीत तर मला पुन्हा सोडवत बसावं लागेल. तिकडे बसा."

पाय तसेच उभे राहिले. मग परत गेले. मग पुन्हा त्यांचा आवाज सुरू झाला.

पाईप केव्हाच गार झाला होता. पाठीखाली खडी टोचत होती. आवाज मधेच थांबला की मी पान्हा घेऊन पाईपवर ठोकायचो, काम चाललंय असं वाटावं म्हणून.